बागेत कोण निजतं?

"गवत काय, कुणीही लावतं!" डॉक्टरांनी जाहीर केलं तेव्हा समोरच्या खुर्चीत एक पेशंट आ वासून पडला होता, आणि त्याच्या तोंडात डॉक्टरांची दोन बोटं, एक आरसा आणि लाळ ओढणारी नळी एवढा ऐवज होता. त्यामुळे त्याने विरोध केला नाही. दातांच्या डॉक्टरांची बहुतेक मतं आयुष्यभर अशीच बिनविरोध मंजूर होत आली होती.

"गवत म्हणजे सारखं कापा, पाणी पाजा, आणि उन्हाळा आला की पिवळं! मी लावणार जमिनीला चिकटून पसरणारी रोपं. बारा महिने हिरवी. वीतभरसुद्धा उंच नाहीत. एकदा लावली की सतरंजी अंथरल्यासारखी दिसतील. काय?"

"आ आ," पेशंट म्हणाला. तो "दुखतंय" म्हणत होता. डॉक्टरांनी ते "वा वा" असं ऐकलं.

घर त्यांनी गेल्याच वर्षी घेतलं होतं. मागच्या दाराबाहेर उताराची मोठी जागा होती आणि ती पार टकली पडली होती. आधीचे मालक घड्याळं दुरुस्त करायचे. घर विकायची त्यांना इतकी घाई होती, की एक भिंतीवरचं घड्याळ तसंच टिकटिकत सोडून गेले.

पण बाग करण्यामागे डॉक्टरांचा खरा हेतू होता आई. वडील गेल्यावर आई त्यांच्याकडे राहायला आली, तेव्हा बरी बोलायची. मग हळूहळू गप्प झाली. आता "हं" आणि "नको" एवढ्यावर सगळा संसार चालला होता. डॉक्टरांनी काय नाही केलं! रेडिओ आणला, खिडकीशी आरामखुर्ची ठेवली. आधीच, ती आली आली तेव्हाच, स्वतःच्या हाताने नवी कवळी करून दिली होती आणि ती घालून हसणाऱ्या आईचा भलामोठा फोटो दवाखान्यात लावला होता. पण तिचं तोंड काही उघडेना. बायको सकाळच्या शाळेत शिकवायची, दुपारी घरी असायची. पण सासू-सुनेचं पहिल्यापासून जमत नाही, दोघींना जोडणारा पूल म्हणजे आपणच, अशी डॉक्टरांची पक्की समजूत होती. खिडकीतून हिरवंगार दिसलं तर आई निदान "छान आहे रे" तरी म्हणेल, एवढीच त्यांची आशा होती.

रोपवाटिकेतल्या बाईंनी त्यांना एकेक रोप दाखवलं.

"ही आयव्ही. पसरते झकास. पण भिंतीला लागली की घरात शिरते. एकांच्या न्हाणीघरात शिरली होती, आरशामागून पानं बाहेर आली."

"नको!"

"हे सरपटणारं जुनिपर. दणकट आहे. टोचतं मात्र."

"टोचायचं काम मी दिवसभर करतोच. पुढचं?"

"हे मोंडो गवत. नावाला गवत, कापायला लागत नाही. पण सावलीतलं. तुमच्याकडे ऊन आहे ना? मग हे थाईम घ्या. नखाएवढी पानं, चुरगळली की सुगंध येतो. कधीमधी पाय पडला तरी चालतं. पण रोज रोज वजन पडलं तर तेवढी जागा मरते." मग बाईंनी रोपावरची माती झटकली आणि अगदी सहज म्हणाल्या, "आणि एक सांगते. ही बुटकी रोपं जमीन झाकतात, पण काही लपवत नाहीत. खाली काय असेल ते वर दिसतं. दगड असो, खड्डा असो, काहीही असो."

त्या 'काहीही'वर डॉक्टरांच्या मानेवरून उगीचच एक मुंगी चालत गेली.

पावसाळा सरता सरता थाईम लागलं आणि थंडी पडेपर्यंत सगळा उतार हिरवा झाला. डॉक्टरांनी फर्मान काढलं: "कुणीही पाय ठेवायचा नाही! मीसुद्धा कडेने जाईन. नुसतं बघायचं!"

बायको "बरं" म्हणाली. आई "हं" म्हणाली.

आणि एका संध्याकाळी, दवाखान्यातून आल्यावर, डॉक्टरांना तो दिसला.

धुकं उतरत होतं. उताराच्या मधोमध थाईम चेपलं होतं. मांजर बसलं असेल म्हणून ते कडेने जवळ गेले. मांजर नव्हतं. डोकं, खांदे, कंबर, जुळवलेले पाय. माणसाचा आकार! उताणा निजलेला, लहानखुरा माणूस. कुणीतरी खालून जमीन ओढून घेतल्यासारखा तो आकार आत खचलेला होता. आणि त्याच्यावरून बारीक रेघा गेल्या होत्या, बोटांनी ओरखडल्यासारख्या.

डॉक्टरांनी हात लांब करून तळवा त्या छातीवर ठेवला. आजूबाजूची माती बर्फासारखी गार होती.

ती जागा कोमट होती.

डॉक्टर ज्या वेगाने घरात आले, तो वेग त्यांनी शाळेतल्या शर्यतीत दाखवला असता तर एखादं बक्षीस नक्की मिळालं असतं.

"काय झालं?" बायकोने विचारलं. तिच्या केसांत एक हिरवं पान अडकलं होतं, पण डॉक्टर त्या वेळी पान बघण्याच्या अवस्थेत नव्हते.

"काही नाही. गारठा फार आहे."

घरच्या बायकांना घाबरवायचं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी आकार कुशीवर वळला होता. एक हात डोक्याखाली, गुडघे पोटाशी. त्यानंतर पुन्हा उताणा. डॉक्टर रोज संध्याकाळी बघायचे. झोप उडाली. जमिनीखाली कुणीतरी आहे आणि त्याला नीट झोप लागत नाहीये, असं वाटायचं. म्हणजे दोघांचीही तीच तक्रार!

शेवटी त्यांनी शेजारच्या कॅप्टनना विचारलं. कॅप्टन जन्मभर मालवाहू जहाजावर होते. आता निवृत्तीनंतर वरच्या मजल्याच्या गॅलरीत दुर्बीण घेऊन बसायचे. समुद्र दिसत नसल्यामुळे शेजाऱ्यांकडे बघायचे.

"कॅप्टन, आमच्या घराचे आधीचे मालक, ते घड्याळवाले, कसे होते हो?"

"सज्जन! पण बायको..." कॅप्टननी आवाज उतरवला. "शेवटचं वर्षभर ती कुणाला दिसलीच नाही. आम्ही विचारलं तर म्हणायचे, 'आराम करतेय.'"

"कशी होती दिसायला?"

"लहानखुरी. का?"

डॉक्टरांनी 'का' सांगितलं. कॅप्टननी दुर्बीण खाली ठेवली. "वादळात पाहिलंय मी बरंच काही," ते म्हणाले, "पण ते सगळं पाण्यात होतं. हे तर कुंपणापलीकडे आहे!"

"दुपारी इथून काही दिसलं का तुम्हाला?"

"दुपारी मी झोपतो. आता तर गॅलरीचं दार लावून झोपणार. तिकडे बघायचंच नाही!"

त्याच आठवड्यात डॉक्टरांना थाईममध्ये दात दिसले.

तो आकार त्या संध्याकाळी उताणा होता. डोक्याच्या जागी, तोंड असावं तिथे, नखाएवढ्या हिरव्या पानांतून कुणीतरी हसत होतं. वरचे दात पूर्ण. डॉक्टर किंचाळणार होते, पण पस्तीस वर्षांची सवय आडवी आली. ते वाकले. निरखून पाहिलं. कवळी! आणि डावा सुळा किंचित तिरका! खऱ्यासारखं दिसावं म्हणून तो सुळा तसा तिरका बसवणारा माणूस या गावात एकच होता.

"अरे बापरे," डॉक्टर पुटपुटले. "ही तर माझी पेशंट!"

ती कवळी रुमालात गुंडाळून त्यांनी कोटाच्या खिशात ठेवली. पण कुणाची? आईची कवळी तर रात्री पेल्यात असते, ती रोज दिसते. जुनीही त्यांनीच केलेली, पण ती फेकून द्यायलाही त्यांनीच सांगितलं होतं. मग उरले बाकीचे! दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यातून कवळीवाल्या पेशंटांना एकेक फोन लावत सुटले.

"नमस्कार, दातांचा दवाखाना. सहज फोन केला. तुम्ही... आहात ना?"

"आहे म्हणजे?"

"म्हणजे जिवंत वगैरे?"

एका आजोबांनी आधी नाडी तपासून पाहिली आणि मग "हो" म्हणाले. एका बाईंनी विचारलं, "का हो, कवळीत काही विषारी निघालं का?" डॉक्टर घाईघाईने म्हणाले, "अजून तसं काही सिद्ध झालेलं नाही!" झालं. संध्याकाळपर्यंत गावभर बोभाटा. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात चिटपाखरू फिरकलं नाही. बाकांसमोर फक्त भिंतीवरची आई हसत होती.

जेवताना त्यांनी धीर करून विषय काढला. "दुपारी बागेत तुम्हाला कधी काही... जाणवतं का? कुणी असल्यासारखं?"

बायकोच्या हातातला चमचा ताटलीत पडला. "कोण म्हणालं?"

आईने शालीचं टोक तोंडावर धरलं. तिचे खांदे हलत होते. बिचारी भीतीने कापतेय, डॉक्टरांच्या मनात आलं. म्हणजे या दोघींनाही माहीत आहे! आणि आपल्याला त्रास नको म्हणून गप्प आहेत!

"काही काळजी करू नका," ते म्हणाले. "मी बघतो काय ते."

"नको!" आई आणि बायको एकदम म्हणाल्या. इतक्या वर्षांत दोघींचं पहिल्यांदा एकमत झालेलं पाहून डॉक्टरांच्या अंगावर काटाच आला.

आणि त्यानंतरच्या संध्याकाळी बागेत आकार दोन होते. एक लहानखुरा. शेजारी दुसरा, जरा लांब. दोन्हींच्या मधे थाईमची अरुंद पट्टी चेपली होती, हातात हात घेतल्यासारखी.

आकार वाढत होते! आज दोन. उद्या?

दुसऱ्या दिवशी डॉक्टर नेहमीप्रमाणे डबा घेऊन निघाले, कोपऱ्यावर गाडी लावली, मागच्या बोळातून चोरासारखे परत आले आणि अवजारांच्या खोलीत फावडं घेऊन दबा धरून बसले. त्या दिवशी धुकं दुपारपर्यंत हललंच नव्हतं. ऊन होतं, पण दुधात कालवल्यासारखं. डॉक्टरांनी हातापाया पडून आज जागं ठेवलेल्या कॅप्टनच्या दुर्बिणीची काच वर गॅलरीत चमकत होती. एरवी त्या माणसाचा डॉक्टरांना वैताग यायचा, आज मोठा आधार वाटला.

किती वेळ गेला कोण जाणे. फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकवून त्यांना पेंगच आली, आणि जाग आली ती हसण्याने.

बाई हसत होती. खालून, जमिनीतून यावं तसं. त्या हसण्याला दात नव्हते. नुसती हवा, ओली, पोकळ, फसफसणारी. डॉक्टरांनी आयुष्यात हजारो बोळकी तोंडं पाहिली होती, पण त्यातलं एकही असं हसलं नव्हतं. त्यांच्या दवाखान्यात कुणी हसतच नसे, ही गोष्ट वेगळी.

फटीतून पाहिलं तर हिरव्या सतरंजीवर दोन देह आडवे! डोक्यापासून पायापर्यंत करड्या शालींत गुंडाळलेले. शेजारी शेजारी.

"अजून कळलं नाही ना?" दुसरा आवाज कुजबुजला.

"छे! फ्याला काय कळफंय!" बोळका आवाज म्हणाला.

"पण आता उकरायलाच हवं. आजच उकरून काढू. इथेच कुठेतरी असणार."

"उकरफाना फो आला फर?"

"आले तर आले. त्यांचं तोंड कसं बंद करायचं, मला चांगलं ठाऊक आहे."

फडफड करत शालीतून एक हात बाहेर आला आणि पाचही बोटं थाईममध्ये रुतवून माती चाचपू लागला.

डॉक्टरांना मागच्या बोळातून पळता आलं असतं. पण घरात आई होती. एकटी, म्हातारी, मुकी झालेली आई! आणि बायको! त्या दोघींना हे खालचं जग ओढून नेणार असेल, तर आधी आपल्याला ओढावं लागेल! त्यांनी फावडं उचललं, दार लाथेने उघडलं आणि गर्जना केली, "कोण आहे ते? आमच्या घराला हात लावाल तर खबरदार!"

गर्जना चांगली झाली. पुढे मात्र पाण्याचा पाईप होता. पाय अडकला, फावडं एकीकडे गेलं, चष्मा दुसरीकडे, आणि डॉक्टर त्या दोन देहांच्या बरोबर मधे पालथे पडले. सुगंधाचा भपकारा आला. खिशातला रुमाल सुटला आणि त्यातून कवळी टुणकन उडाली.

दोन्ही प्रेतं ताडकन उठून बसली.

वरून, कॅप्टनच्या गॅलरीतून, धप्प असा आवाज आला. पण तिकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ नव्हता.

"अगं फापडली!" पहिलं प्रेत आनंदाने ओरडलं. कवळी शालीला पुसून तिने तोंडात बसवली, टक्कन मिटली, आणि लगेच स्वच्छ आवाजात म्हणाली, "अरे गाढवा, किती जोरात पडलास! लागलं का कुठे?"

डॉक्टर मान वर करून बघतच राहिले. हा आवाज! किती महिन्यांनी ऐकला त्यांनी हा आवाज!

"आई? तू... तू बोलतेस?"

"रोज बोलते! दुपारी इथे आडवी होते, उन्हात पाठ शेकते आणि बोलते. ही पण असते रोज. आधी पायरीवर बसून ऐकायची. मीच म्हटलं, ये गं शेजारी, तुझीही पाठ दुखतेय."

"पण तुमचं दोघींचं तर जमत नाही!"

सासू-सुनेने एकमेकींकडे पाहिलं. "कोण म्हणतं?" बायकोने विचारलं. "आमचं छान जमतं. तुमच्याबद्दल बोलायला तर दुपार पुरत नाही."

"आणि ते आकार? त्या बोटांच्या रेघा?"

"तुमची गाडी वाजली की धावत आत जायचो. जाता जाता रोपं हाताने उभी करायचो. पण रोज रोज चेपून ती उठेनाशी झाली. आणि त्या दिवशी गडबडीत आईंची जुनी कवळी पडली ती पडलीच. तेव्हापासून बिचाऱ्या बोळक्या तोंडाने गप्पा मारताहेत. आम्हाला वाटलं, तुम्हाला कळलं तर..."

"पण जुनी कशाला? मी एवढी नवी करून दिली ना!"

मग आईने थाईमचं एक रोप उगीच सरळ केलं.

"टोचते रे," ती म्हणाली. "नवी टोचते. मिटून बसलं तर बरी असते. बोलायला गेलं की हिरडी कापते."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"सांगायला तोंड उघडावं लागतं ना!"

डॉक्टरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं.

"फोटो लावलास ना माझा," आई हळूच म्हणाली. "येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतोस. 'बघा, माझ्या आईचे दात.' मग मी कुठल्या तोंडाने म्हणू, की पोराला माप घेता आलं नाही?"

धुक्यामागून जरासं ऊन आलं. डॉक्टर चष्मा शोधायचं सोडून तिथेच पालथे पडून राहिले. कान जमिनीला लागला होता. खालून काहीच ऐकू येत नव्हतं, आणि तेसुद्धा भयंकर वाटत होतं. एवढे महिने ते या घरात एका बाईचं न बोलणं ऐकत होते आणि त्यांना ते म्हातारपण वाटलं होतं.

"उद्या नवीन माप घेतो," ते मातीत तोंड ठेवूनच म्हणाले.

"घे. पण आधी माझं ऐकून घे. बरंच साठलंय."

"बोल."

"आडवा हो नीट. पाठ टेक. वेळ लागेल."

डॉक्टर उताणे झाले. बायकोने आपल्या शालीचं एक टोक त्यांच्यावर टाकलं. आई बोलायला लागली. वडिलांबद्दल, खिडकीशी ठेवलेल्या त्या भयाण आरामखुर्चीबद्दल, रेडिओवरच्या रडक्या बाईबद्दल. माती कोमट होती, वास गोड होता. कित्येक रात्री जागलेले डॉक्टर "हं... पुढे?" असं काहीसं पुटपुटले आणि मेल्यासारखे झोपले. थोड्या वेळाने बायकोचाही डोळा लागला. ऐकणारं कुणी उरलं नाही म्हणून आईनेही शाल डोक्यावर ओढली.

वर कॅप्टन शुद्धीवर आले. गज धरून कसेबसे उभे राहिले आणि दुर्बीण डोळ्याला लावली. बागेत आता तीन देह होते. मधले डॉक्टर! हात पसरलेले, तोंड उघडं. बाजूला फावडं. कॅप्टननी पोलिसांना फोन केला, रुग्णवाहिकेला केला, "घेतलं हो, त्यांनाही खाली घेतलं!" एवढंच बोलले आणि पुन्हा गॅलरीतच कोसळले.

डॉक्टरांना जाग आली तेव्हा अंधारायला लागलं होतं, त्यांच्या तोंडावर एक बॅटरी होती आणि बॅटरीमागे एक फौजदार.

"हा गरम लागतोय, साहेब," पायाशी बसलेला हवालदार म्हणाला.

"अहो, मी जिवंत आहे!" डॉक्टर ओरडले.

"हळू बोल रे," शालीखालून आई म्हणाली. हवालदार मागच्या मागे पाईपवर जाऊन बसला.

मग खुलासे झाले. फौजदारांनी ते ऐकले, पुन्हा ऐकले, आणि कपाळ चोळत विचारलं, "म्हणजे या बागेत मेलेलं कुणीच नाही?"

"रोपं तेवढी मेली," बायको म्हणाली. सगळ्यांनी खाली पाहिलं. पोलिसांचे बूट, रुग्णवाहिकेच्या माणसांचे बूट आणि स्ट्रेचरची चाकं फिरून उताराचा पार चिखल झाला होता.

"आणि फोन करणारे ते कॅप्टन कुठायत?" फौजदारांनी विचारलं.

तेव्हा कुठे सगळ्यांची नजर वर गेली. गॅलरीच्या गजांतून एक हात लोंबत होता.

म्हणजे स्ट्रेचर अगदीच वाया गेलं नाही! कॅप्टनना खाली आणलं. नाडी ठीक होती, नुसता धसका घेतला होता. डॉक्टर चिखलाने माखलेल्या कोटात, गालाला थाईमची पानं चिकटलेली, केस विस्कटलेले, तसेच रुग्णवाहिकेत चढले आणि काळजीने त्यांच्या तोंडावर वाकले. शेवटी शेजारधर्म होता.

कॅप्टननी डोळे उघडले. वरचा पांढरा दिवा पाहिला. पांढरे कपडे घातलेली माणसं पाहिली. मग डॉक्टरांचा चेहरा पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांत अपार दुःख दाटून आलं.

"डॉक्टर," ते क्षीण आवाजात म्हणाले, "इथे वरसुद्धा तुम्हीच?"

डॉक्टर सवयीने जे तोंडात आलं ते बोलून गेले.

"आ करा."

कॅप्टननी दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलं, आणि ते इस्पितळात पोचेपर्यंत काही केल्या सोडलं नाही.